जावयाला बोलावलं होतं

माझा धाकटा भाऊ बल्लारपूरच्या कागद कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली कामाला होता. गोंडपिपरी तालुक्यातल्या आमच्या गावाहून रोज मोटरसायकलनं जाणं-येणं. उजाडायच्या आत निघायचा आणि परतायचा तेव्हा त्याच्या कपड्यांना कागदाच्या लगद्याचा आंबूस वास यायचा. तो वास कितीही धुतलं तरी जात नाही, असं भावजय म्हणायची. त्यानं ते काम सोडून गाई घेतल्या, तेव्हा घरात सगळ्यात जास्त आनंद मायला झाला. मला फोनवर म्हणाली, "आता पोरगं दिवसा दिसते मले."

आमच्या गावाला दूध विकायची सवय नव्हती. ढोरं पाळायची ती धानाच्या बांधीत चिखल करायला आणि शेणखतासाठी. गावठी गाय जेवढं देईल ते वासराचं, त्यातून उरलं तर चहाचं. मग एका दूध कंपनीनं गावात संकलन केंद्र उघडलं. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत दूध थंड ठेवायची स्टीलची टाकी आली, फॅट मोजायचं यंत्र आलं, एक दिवसाआड टँकर यायला लागला. वर्षभरात बऱ्याच घरांनी एखादी-दुसरी संकरित गाय बांधली. भावानं जास्त बांधल्या. त्यातली पहिली आणलेली, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, अंगानं थोराड गाय होती तिला घरात सगळे मोठी म्हणत. ती मोठी होती म्हणून मोठी; तिचं दूधही तसंच होतं. भाऊ केंद्रावर कॅन घेऊन जायचा तेव्हा त्याच्या चालण्यात एक ऐट यायची. लहानपणी शाळेत जाताना ती कधी दिसली नव्हती.

मी गोंडपिपरीला हायस्कूलमध्ये मराठी शिकवते. माझा नवरा तालुक्यातल्याच एका जनावरांच्या दवाखान्यात पशुधन पर्यवेक्षक आहे. तो मूळचा सिरोंच्याकडचा. घरी तेलुगू बोलतात, मराठी तो शाळेत शिकला, म्हणून त्याचं मराठी पुस्तकासारखं. आमच्या गावात त्याला सगळे जवाई म्हणत, अगदी चुलत-मावस घरांतलेसुद्धा. गाय अडली, बैलाच्या पायात खिळा गेला, शेळीचं पोट फुगलं, की लोक दवाखान्यात जायच्या ऐवजी माझ्या बाबांकडं यायचे. "जवायाले फोन लावा न भाऊ." बाबा मला लावायचे. मी त्याला सांगायची. रविवार असो की सण, तो जायचा. त्याला गावात जो मान होता तो डॉक्टरचा कमी आणि जावयाचा जास्त होता. आणि मला त्याचा अभिमान होता, हे लिहायला काय हरकत आहे.

त्या पावसाळ्यात नदीपलीकडून, तेलंगणातून खबर आली. नवऱ्याचे मामा तिकडं राहतात. त्यांनी फोनवर सांगितलं की गावातल्या ढोरांच्या अंगावर गाठी उठतायत, ताप येतोय, पाय सुजतायत. सुरुवातीला तिथं कोणी कोणाला सांगितलं नाही. ज्याच्या गाईला झालं त्यानं तिला घराच्या मागं बांधली. मामांचे दोन्ही बैल त्यातच गेले. काही दिवसांनी नवऱ्याच्या कार्यालयातही निरोप आला, लक्ष ठेवा म्हणून. तो रोज संध्याकाळी जेवताना त्याच आजाराबद्दल बोलायचा. माश्या, डास, गोचीड यांनी पसरतो. माणसाला होत नाही. दूध उकळून प्यायलं तर काही होत नाही. मी ऐकत होते आणि नव्हतेही. सहामाहीचे पेपर काढायचे होते.

मग एका शनिवारी दुपारी भावाचा फोन आला.

"बाई, मोठीले ताप हाये. अंगावर गाठी आल्यासारख्या वाटून राह्यल्या. भाऊजीले घेऊन ये न. पन सरकारी गाडी नको आनू. लोकं पायतेत."

आम्ही दोघं आमच्या मोटरसायकलवरच गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना धान हिरवंगार होतं, बांध्यांत पाणी उभं होतं. नवरा नेहमीपेक्षा वेगानं गाडी चालवत होता. त्याला बहुतेक तेव्हाच कळलं होतं.

मोठी कोठ्याच्या, म्हणजे गोठ्याच्या, कोपऱ्यात मान खाली घालून उभी होती. नाकातून, डोळ्यांतून पाणी. भाऊ तिच्या पाठीवर हात ठेवून उभा. भावजयनं कडुलिंबाच्या पाल्याचा धूर केला होता, तरी माश्या हटत नव्हत्या. नवऱ्यानं ताप पाहिला. मानेवरचे, बरगडीवरचे केस बोटांनी बाजूला करून एकेक गाठ दाबली. खांद्याच्या पुढं एक मोठी सूज होती, तिच्यावर तो बराच वेळ हात ठेवून होता. मग दुसऱ्या गाईंकडं गेला. त्या चांगल्या दिसत होत्या. बाबांचे बैल पलीकडच्या मांडवाखाली बांधले होते, तेही पाहून आला.

"देवी आली म्हना," बाबा म्हणाले. "आमच्या लहानपनी बी येत होती. हळद लावाची, लिंबाचा पाला लावाचा. उतरून जात होती."

"ही देवी नाही, बाबा. हा नदीपलीकडचा आजार आहे."

"सुई मारा न भाऊजी," भाऊ म्हणाला. "दवा द्या, जे लागन ते आनतो. उतरून जाईन ना?"

"औषध देतो. ताप उतरेल. पण हे मला कळवावं लागेल."

"कोनाले?"

"तालुक्याच्या डॉक्टरांना. ते जिल्ह्याला कळवतील. नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत जातील."

"अन् मंग?"

नवऱ्यानं त्याला सरळ सांगितलं. आजूबाजूच्या गावांची ढोरं हलवायला बंदी येईल. गुरांचा बाजार बंद होईल. दुधाचं काय होईल ते कंपनीवर आहे.

भावानं मोठीच्या पाठीवरून हात काढला. मग आवाज न चढवता म्हणाला, "मी जवायाले बोलावलं होतं. सरकारले नाई बोलावलं."

माय तेवढ्यात चहा घेऊन आली होती. ती तशीच ताट धरून उंबऱ्यात थांबली. मोठीच्याच कालच्या दुधाचा चहा. कोणीच कप उचलला नाही.

भाऊ माझ्याकडं वळला. "बाई, तू तरी बोल न. तुहं तर ऐकतेत ते."

मी नवऱ्याला विचारलं, "कळवलंच पाहिजे का? दोन दिवस पाहिलं तर?"

"सोमवारी बाजार आहे," तो म्हणाला. एवढंच. आमच्याकडच्या गुरांच्या बाजारात तीन-चार तालुक्यांतली ढोरं येतात, नदीपलीकडचीही. एकाच हाळावर पाणी पितात.

"मंग मी माही गाय नाई नेत बाजारात," भाऊ म्हणाला. "कोठ्याच्या बाहेरच काढत नाई तिले. बांधून ठेवतो. कोनाले का करून राह्यली ते?"

"माश्यांना कसं बांधशील?"

भावानं गाईच्या डोळ्यांवरच्या माश्या हातानं उडवल्या. नवऱ्यानं गाईला इंजेक्शन दिलं, जखमांना लावायचं औषध भावजयला दाखवलं, बाकीच्या गाई दूर बांधायला सांगितल्या. भावानं सगळं ऐकलं. निघताना बाबा म्हणाले, "जवाई, तुमी तुमच्या नोकरीचं पाहा. आमचं आमी पाहू." रागानं नाही म्हणाले. पण त्यांनी त्याला आणि त्याच्याबरोबर मलाही कधी परकं केलं नव्हतं, ते त्या दिवशी केलं.

परतताना गाव दिसेनासं होईपर्यंत मी मागं वळून पाहत होते. मग म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या गाईत आधी सापडलं असतं तर?"

तो म्हणाला, "मामांच्या गावात सगळ्यांनी हाच विचार केला होता."

मला त्याचा राग आला. तो चुकीचं बोलत असता तर इतका आला नसता.

दुसऱ्या दिवशी रविवार होता, तरी सकाळीच त्यानं तालुक्याच्या डॉक्टरांना कळवलं. दुपारी सरकारी जीप गावात शिरली आणि सरळ आमच्या दारात उभी राहिली. पांढरे झगे घातलेली माणसं उतरली, तोंडावर पट्ट्या, हातात मोजे. त्यांनी मोठीच्या अंगावरच्या खपल्या काढल्या, रक्त घेतलं, बर्फाच्या डब्यात ठेवलं. सगळं गाव कुंपणापाशी उभं होतं. मायनं मला नंतर सांगितलं की भावजय घरात जाऊन बसली, बाहेर आलीच नाही. कोणाच्या घरी माणूस मेल्यासारखं लोक पाहत होते, ती म्हणाली.

भोपाळहून काय येतं ते यायच्या आधीच हुकूम निघाला. आमच्या कोठ्याभोवती नकाशावर गोल काढला गेला आणि त्या गोलात जेवढी गावं आली तेवढ्यांची ढोरं हलवायला बंदी. सोमवारचा बाजार भरला नाही. मंगळवारी दूध कंपनीचा माणूस मोटरसायकलवर आला. तो केंद्र उघडलं तेव्हापासूनचा ओळखीचा, आमच्याकडं अनेकदा जेवलेला. तोही खाली पाहूनच बोलला. कंपनी दुधाची भुकटी करते, ती परदेशात जाते. तिथले घेणारे लिहून मागतात की हे दूध असा आजार नसलेल्या भागातलं आहे. आता तसं लिहून देता येणार नाही. त्यामुळं पुढचं कळेपर्यंत या गोलातल्या कोणत्याच गावचं दूध घ्यायचं नाही.

"पन माह्या बाकीच्या गाईले काहीच नाई झालं," भाऊ म्हणाला. "अन् गावातल्या लोकायच्या गाईले तर काहीच नाई."

"मले मालूम हाये भाऊ. मी का करू? वरून आलं."

"वरून म्हंजे कुठून?"

त्या माणसानं मोटरसायकलची किल्ली हातात घेतली. मायनं त्याला चहा विचारला. तो म्हणाला, द्या, पण बिनदुधाचा. कदाचित त्याला तसाच आवडत असेल. पण ते वाक्य दिवस मावळायच्या आत गावभर झालं.

त्या आठवड्यात मी रजा टाकून माहेरी जाऊन राहिले. नवरा म्हणाला, जा, त्यांना गरज आहे. आपण येऊ का, हे त्यानं विचारलं नाही.

दूध थांबवता येत नाही. गाय सकाळ-संध्याकाळ पान्हा सोडतेच, नाही काढलं तर कासेला त्रास होतो. पहिले दोन दिवस मायनं दही लावलं, तूप काढलं, खवा आटवला. घरातली सगळी भांडी भरली. भावानं बल्लारपूरच्या एका ओळखीच्या हॉटेलवाल्याकडं खवा नेला. हॉटेलवाल्यानं गाव विचारलं आणि डबा उघडूनसुद्धा पाहिला नाही. टीव्हीवर, मोबाइलवर गाठी आलेल्या गाईंचे फोटो फिरत होते आणि खाली लिहिलेलं असायचं, दूध पिऊ नका. नवरा रोज कोणत्या ना कोणत्या गावात जाऊन सांगत होता की उकळून प्या, काही होत नाही. दवंडीही दिली. पण ज्या माणसानं गाव बंद पाडलं त्याच्या तोंडून लोकांना हे ऐकायचं नव्हतं.

तिसऱ्या दिवसापासून लोकांनी दूध नालीत ओतायला सुरुवात केली. ज्यांच्या गाई धडधाकट होत्या त्यांनीही. उन्हं तापली की सगळ्या गल्लीला आंबट वास सुटायचा. कुत्रीसुद्धा पिऊन पिऊन कंटाळली होती. माय एक कॅन घेऊन अंगणवाडीकडं गेली, पोरांना फुकट द्यायला. बाईंनी हात जोडले. माय तशीच परत आली आणि कॅन मांडीशी धरून चुलीपाशी बसून राहिली.

हातपंपावर मी पाणी भरायला गेले तेव्हा बायका बोलायच्या थांबल्या. एक म्हातारी, मी लहान असताना जिनं मला कडेवर खेळवलं होतं, तिनं हंडा खाली ठेवला आणि म्हणाली, "बाई, तुह्या नवऱ्यानं आमच्या पोटावर पाय देल्ला. सासरवाडीची काही लाज असते का नाई मानसाले?" तिच्या घरी एकच गाय होती आणि त्या गाईला काहीही झालं नव्हतं. मी हंडा भरला आणि आले.

मग बाकीच्या गाईंना गाठी आल्या. एकीच्या मागून एक. मोठीचा ताप उतरत होता, चढत होता. गाठी फुटायला लागल्या. पुढचे पाय इतके सुजले की तिला बसता येईना, मग एकदा बसली ती उठेना. जखमांत किडे पडले. ते चिमट्यानं काढावे लागायचे.

नवरा दिवसभर आपलं काम करून रोज संध्याकाळी यायचा. मोटरसायकल गावाबाहेर पिंपळाखाली लावायचा आणि चालत यायचा, कारण एकदा कोणीतरी तिची हवा सोडली होती. घरात यायचा नाही. सरळ कोठ्यात. भाऊ त्याच्याशी बोलत नसे. पण नवऱ्यानं सुई भरली की भाऊ गाईची मान धरायचा. जखम धुवायची असली की भाऊ कोमट पाणी ओतायचा. कूस बदलायची असली की दोघं दोन बाजूंनी पोत्याची झोळी धरून गाईला पलटायचे, एका दमात, जणू वर्षानुवर्षं एकत्र काम केलेली माणसं. आणि एक शब्द नाही. मी कंदिलासारखा मोबाइलचा उजेड धरून उभी असायची. त्या दोघांच्या मध्ये उभं राहण्याइतकं कठीण काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही.

एकदाच भाऊ बोलला. नवरा हात धूत होता. भावानं विचारलं, "हे जे तुमी कळवलं, ते शेवटी कुठी जाते?"

नवऱ्यानं सांगितलं. तालुका, जिल्हा, पुणे, दिल्ली. आणि दिल्लीहून पॅरिसला. तिथं एक कार्यालय आहे, जगातल्या कुठल्या देशात जनावरांना कोणता आजार आहे याची खबर तिथं जाते. ते बाकीच्या देशांना कळवतात. ते वाचून कोणी कोणाकडून काय घ्यायचं ते ठरवतात.

भाऊ ऐकून घेत होता. मग म्हणाला, "माह्या कोठ्यातली गोष्ट पॅरिसले कळली. दवा काऊन नाई मंग तिकडून आली?"

नवऱ्यानं हात पुसले. "लस येणार आहे," म्हणाला. ती खरंच येणार होती. पण तिच्या आधी मोठी गेली.

सकाळी गेली. भावजयनं तिच्या कपाळाला हळद-कुंकू लावलं आणि कोठ्याच्या भिंतीला टेकून बसली. गावाची जुनी रीत अशी की मेलेलं ढोर ओढत नेऊन जंगलाच्या काठाला टाकायचं. आता तसं चालत नव्हतं. आजार पसरतो आणि वासावर वाघही गावाशी येतो. खोल खड्डा खणून, चुना आणि मीठ टाकून पुरायचं. जेसीबी आला. पावसाचे दिवस, खड्ड्यात खालून पाणी पाझरत होतं. मोठीला दोरखंडानं खाली सोडलं तेव्हा ते पाणी वर आलं आणि चुन्यावर फसफसलं. बाबा बांधावर उभे होते. ते म्हणाले, "पुरं करा लवकर." आणि आम्ही कोणी हलायच्या आत पाठ फिरवून घराकडं चालायला लागले.

त्यानंतर आणखी दोघी गेल्या. एक वासरूही गेलं. ज्या वाचल्या त्यांचं दूध आटलं, एकीची कास जखमांनी दगडासारखी झाली. गावातल्या दुसऱ्यांच्याही गाई आजारी पडल्या, काही गेल्या. कुंपणापाशी उभं राहून पाहणाऱ्यांच्या घरी आता जीप जात होती. पण त्यामुळं कोणाचा राग कमी झाला नाही. उलट लोक म्हणाले, ते खपल्या काढायला आले, त्यांनीच आजार घरोघरी नेला.

पोळा त्यातच आला. पोळ्याला आमच्या गावात सगळ्यांचे बैल एका तोरणाखाली उभे करतात. झडत्या होतात, म्हणजे पोळ्याची गाणी माणसं ओरडून ओरडून गातात. त्या वर्षी जनावरं एकत्र आणायला मनाई होती. बाबांनी बैल दारातच धुतले, शिंगांना बेगड लावली, पाठीवर झूल टाकली. मायनं ओवाळलं, पुरणपोळी खाऊ घातली. बाहेर गल्ली रिकामी होती. घराघरांतून घंटांचा आवाज येत होता, पण प्रत्येकाच्या आपापल्या अंगणातून. भाऊ दिवसभर कोठ्यात राहिला. मी त्याला पुरणपोळी नेऊन दिली. त्यानं ती उरलेल्यांतल्या एका गाईला दिली, तिनं तोंड फिरवलं.

लस आली त्या दिवशी शाळेच्या पटांगणावर दवाखान्याची माणसं टेबल मांडून बसली. नवराही होता. बारा वाजेपर्यंत एक ढोर आलं नाही. सरपंच दोनदा फिरून आला. लोक ओट्यावर बसून पाहत होते. मग बाबा आपल्या बैलांची दोरी धरून आले. कोणाकडं न बघता टेबलापाशी उभे राहिले आणि नवऱ्याला म्हणाले, "टोचा. हे माहे बैल हायेत. पोराच्या गाई नाई."

नवऱ्यानं टोचलं. बाबांनी मान हलवली आणि बैल घेऊन गेले. त्यानंतर हळूहळू लोक आले. दिवाळी जवळ येत होती, धान मळायला, गाड्या ओढायला बैल लागणार होते. एवढ्यासाठीच आले. त्याला मी समेट म्हणत नाही, आणि बाबांनीही म्हटलं नसतं.

थंडी पडल्यावर माश्या कमी झाल्या, आजारही विझला. बंदी उठायला त्यानंतरही वेळ लागला. उठली तेव्हा गावानं कंपनीच्या माणसाला फोन केले. तो म्हणाला, विचारून सांगतो. नंतर त्याचा नंबर लागेना. तोवर टँकरचा रस्ता बदलला होता, मूल तालुक्यातल्या गावांतून दूध मिळत होतं. एक दिवस ट्रक आला आणि स्टीलची टाकी घेऊन गेला. ग्रामपंचायतीच्या त्या खोलीत आता धानाची पोती ठेवतात. गावातल्या किराणा दुकानात पिशवीचं दूध येतं. ते कुठून येतं, कोणी विचारत नाही.

भावानं उरलेल्या गाई विकल्या. विकल्या म्हणायचं, दिल्याच. तो पुन्हा बल्लारपूरला जायला लागला. त्याच ठेकेदाराकडं, पण आता नव्या माणसासारखं खालच्या कामावर.

त्या वर्षीच्या भाऊबीजेला मी माहेरी गेले होते. नवऱ्याला मी म्हटलं, चला. तो म्हणाला, या वर्षी तू जा. भावानं पाटावर बसून ओवाळून घेतलं, माझ्या पाया पडला, ताटात साडी ठेवली. जेवताना माझ्या पोरीच्या अभ्यासाचं विचारलं, शाळेचं विचारलं. नवऱ्याचं नाव निघालं नाही. माय मध्येच म्हणाली, "जवाई बरे हायेत ना?" आणि उत्तराची वाट न पाहता भात वाढायला उठली.

एकदा मी नवऱ्याला विचारलं की पॅरिसला जी खबर जाते तिच्यात गावाचं नाव असतं का. तो म्हणाला, नाही. आपल्यासारख्यांचं तर जिल्ह्याच्या आकड्यात मिसळून जातं. किती आजारी, किती मेली, एवढंच. मला वाटलं होतं, हे ऐकून थोडं बरं वाटेल. कोणाला आपलं नाव कळलं नाही म्हणून. पण नाही वाटलं. मोठी गेली आणि ती कुठं गेली हे लिहिलंसुद्धा नाही, असं काहीतरी मनात आलं. नवऱ्याला मी ते सांगितलं नाही. तो त्या दिवशी आधीच थकलेला होता.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गावी परत एका कालवडीला गाठी आल्या. भावाच्या शेजारच्या घरी. मला हे कळलं ते कालवड मरून बरेच दिवस झाल्यावर, आणि तेही मायच्या बोलण्यातून सहज निसटलं म्हणून. शेजाऱ्यानं भावाला विचारलं होतं, काय करू? भावानं सांगितलं, कोनाले बोलावू नको. मागच्या आवारात बांध, हळद लाव. कालवड मेली तेव्हा तिला पहाटे नदीकडं नेऊन टाकली.

मी भावाला फोन लावला. "मले काऊन नाई सांगतलं?" मी विचारलं.

"तुले सांगतलं म्हंजे भाऊजीले सांगतलं, बाई. अन् भाऊजीले सांगतलं म्हंजे साऱ्या दुनियेले."

"पण दुसऱ्यांची ढोरं..."

"दुसऱ्यायच्या ढोरायले झालं त दुसरे पायतीन. मागच्या बारीले आमचं कोन पाह्यलं?" मागं यंत्रांचा आवाज येत होता, तो कारखान्यात असावा. "ठेवतो. मुकादम पाहून राह्यला," म्हणाला, आणि ठेवला.

नवरा जेवत होता. मी त्याला सांगितलं. सांगू नये असं क्षणभर वाटलं, पण बाजार तोंडावर होता आणि मामांचे बैल मला आठवले. त्यानं घास खाली ठेवला. किती दिवस झाले, विचारलं. मग उठून हात धुतले, फ्रीजमधून बर्फ काढून नमुन्यांच्या डब्यात भरला आणि डॉक्टरांना फोन लावला. मी त्याचं ताट झाकून ठेवलं.

त्यानंतर भाऊ मला फोन करत नाही. माय करते. पाऊस कसा, धान कसं, कोणाचं लग्न ठरलं, सगळं सांगते. ढोरांचं मात्र ती काही सांगत नाही, आणि मीही आता विचारत नाही.